बारा मिनिटं मागे

मला धीर धरता येत नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी गॅससमोर येरझारा घालते. अशा बाईनं सिनेमा थिएटरात ऑपरेटर व्हावं ही चेष्टाच आहे, कारण या कामात नव्वद टक्के वाट बघायची असते. पण बाबा ऑपरेटर होते, त्यांच्या हाताखाली मी शिकले, आणि ते निवृत्त झाल्यावर केबिन माझ्याकडे आली. रिळं जाऊन मशिन आलं तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी काम वाढेल. उलट कमी झालं. सिनेमा हार्डडिस्कवर येतो, रात्रभर सर्व्हरमध्ये उतरतो, सकाळी बटण दाबायचं. बाकी वेळ केबिनमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सात पावलं, परत सात पावलं.

बाबा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दर शुक्रवारी नवीन सिनेमा लागला की सकाळी नऊला जिना चढून वर येतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन. पगार नाही, काम नाही. स्टुलावर बसतात आणि मशिनकडे असं बघतात, जणू सुनेच्या हातचा पहिला स्वयंपाक चाखायचाय. आई म्हणते, शुक्रवारमुळे हा माणूस गुरुवारपासून नीट जेवतो.

थिएटर आता एका कंपनीनं चालवायला घेतलंय, आणि कंपनीच्या मॅनेजरला बाबांचं वर येणं मान्य नव्हतं. तसा तो वाईट माणूस नाही. दोन फोन आणि एक पोट सांभाळत दिवसभर धावत असतो. पण बाबांनी एकदा चहाची किटली मशिनच्याच प्लगला लावली आणि सिनेमा ऐन मारामारीत बंद पडला. दुसऱ्यांदा त्यांनी पंखा नीट फिरत नाही म्हणून प्रोजेक्टरचं झाकण उघडलं, तेव्हा मशिनवाल्या कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन शो बुडाले. त्यानंतर मॅनेजरनं मला कागदावर लिहून दिलं की केबिनमध्ये अनधिकृत व्यक्तीकडून पुन्हा काही झालं, तर त्या व्यक्तीला जिन्याचा दरवाजा कायमचा बंद. अनधिकृत व्यक्ती म्हणजे बाबा. कागद मी त्यांना दाखवला नाही. फक्त म्हटलं, "बाबा, कशाला हात लावू नका." ते म्हणाले, "मी कशाला लावतोय?"

त्या शुक्रवारी मोठा सिनेमा होता. नायकाच्या चाहत्यांनी आदल्या दिवशीच थिएटरवर त्याचा दोन मजली कागदी पुतळा उभा केला होता. यावेळी एक नवीनच प्रकार होता. सिनेमा सर्व्हरमध्ये उतरला तरी तो कुलपात असतो. त्याची चावी वेगळी येते, एक छोटी फाइल, आणि तिच्यात लिहिलेलं असतं की कधीपासून कधीपर्यंत उघडायचं. एरवी चावी आदल्या दिवसापासूनच चालते. पण हा सिनेमा आधी फुटू नये म्हणून सगळ्या थिएटरांची चावी एकाच क्षणी लागणार होती, सकाळी अकराला. त्याआधी एक सेकंदही नाही. चाहत्यांच्या फोनवर उलटी मोजणी चालू होती आणि शून्याला पडदा उजळणार अशी जाहिरात होती.

साडेदहाला मॅनेजर पेनड्राइव्ह घेऊन धापा टाकत वर आला. "ताई, ही चावी. अकरा म्हणजे अकरा. वरचे लोक आज आकडे बघतायत." त्यानं स्टुलावरच्या बाबांकडे पाहिलं, बाबांनी त्याला नमस्कार केला, आणि तो खाली पळाला.

मी चावी सर्व्हरमध्ये घातली. त्याच्या स्क्रीनवर आलं, चावी वैध, सुरुवात अकरा वाजता. झकास. मी सात पावलं गेले, सात पावलं आले, फोन बघितला. दहा पस्तीस. मग सहज सर्व्हरच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर नजर गेली.

दहा तेवीस.

मी परत फोन बघितला. परत सर्व्हर बघितला. चावीला माझ्या फोनशी काही देणंघेणं नव्हतं. तिला सर्व्हरचंच घड्याळ कळतं. सर्व्हरमध्ये अकरा वाजतील तेव्हा जगात अकरा बारा झालेले असतील, आणि तोपर्यंत खाली सहाशे माणसं शून्य मोजून मोकळी झालेली असतील.

मी सेटिंग उघडलं. या मशिनचं घड्याळ कुणीही उठून फिरवू नये म्हणून मशिनवाल्या कंपनीनंच नियम घातलाय: एका वर्षात सहा मिनिटं पुढे किंवा मागे, बस्स. मी सहा मिनिटं पुढे टाकली. मशिन म्हणालं, या वर्षाची मुभा संपली आहे. संपली? मी तर हातसुद्धा लावला नव्हता. मग नोंदवही उघडली. तीस डिसेंबर, सहा मिनिटं मागे. दोन जानेवारी, सहा मिनिटं मागे. दोन्ही वेळा नाव माझं, कारण पासवर्ड माझा आणि तो भिंतीवर चिकटवलेला. त्या आठवड्यात मला ताप होता आणि मी घरी पडून होते. बदली ऑपरेटर मॅनेजरनं दुसऱ्या थिएटरातून आणला होता, आणि त्याला मशिन दाखवायला म्हणून बाबा आले होते.

मी वळले. "बाबा, तुम्ही घड्याळाला हात लावलात?"

"कुठल्या?"

"या!"

"हां, ते," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला. "ते मी जुळवलं. तुला कळलंसुद्धा नाही ना? डिसेंबरात सहाच मिनिटं घेत होतं, म्हटलं बघू, वर्ष बदललं की परत घेतं का. घेतलं."

"जुळवलं कशाशी?"

"आपल्या घड्याळाशी."

आपलं घड्याळ म्हणजे खाली तिकीट खिडकीवर टांगलेलं. ते पहिल्यापासून बारा मिनिटं मागे ठेवलेलं आहे. जुन्या मालकांचा नियम होता: उशिरा येणाऱ्याला उशीर झाला असं वाटता कामा नये, आणि अंधारात पाय तुडवत कुणी कुणाच्या अंगावरून जाता कामा नये. आसपासच्या सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि त्याच हिशेबानं लोक घरून निघतात. बाबांनी एकेचाळीस वर्षं त्याच घड्याळावर शो लावला, मीही लावते. दोनशे माणसं दारात असताना सिनेमा सुरू करायला माझा हात धजत नाही.

"तुला रोज ते वरून मेल यायचे," बाबा म्हणाले. "शो बारा मिनिटं उशिरा, कारण कळवा. तू घरी येऊन भांडी आपटायचीस. आईशी भांडायचीस. मी म्हटलं, मशिनच्या नोंदीत अकराला अकरा दिसले की झालं. जानेवारीपासून आला का एक तरी मेल?"

नव्हता आला. मला वाटलं होतं कंपनी कंटाळली. मी त्या माणसाकडे बघत राहिले. मला बोलणी बसू नयेत म्हणून या माणसानं वर्ष बदलायची वाट बघितली होती, तीन दिवस. माझ्यात तेवढा धीर कुठून येणार?

"बाबा," मी म्हटलं, "आज चावी अकराला लागणार नाही. बारा मिनिटं उशिरा लागेल."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि पेन चाचपत राहिला. "मग पुढे कर की."

"होत नाही. पुढच्या जानेवारीत होईल."

मी मशिनवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडच्या बाईचा आवाज गोड होता. तिनं माझा तक्रार क्रमांक दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाली, पुढच्या एक जानेवारीला आपल्याला सहा मिनिटं मिळतील, मॅडम, आणखी काही मदत करू शकते का? नवीन चावी बनवून मिळेल का विचारलं, तर दोन तास लागतील. मी फोन ठेवला नाही, फेकला. कोपऱ्यातल्या गादीवर पडला म्हणून वाचला.

पावणेअकराला मी खाली गेले आणि मॅनेजरला बाजूला घेतलं. व्हरांड्यात ढोल वाजत होता. "सर, मशिनचं घड्याळ बारा मिनिटं मागे आहे. चुकून माझ्याकडूनच झालं. पिक्चर अकरा बाराला सुरू होईल."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तुमच्याकडून?"

"माझ्याकडून."

"वर कोण आहे आत्ता?"

"माझ्याकडून झालं म्हटलं ना! नोंदीत माझं नाव आहे, हवं तर या, बघा."

माझा आवाज चढला की लोक वाद सोडून देतात. त्यानंही सोडला. म्हणाला, काहीही करा, पडदा रिकामा ठेवू नका, जाहिराती लावा. पण अकराला थेट सिनेमा हवा म्हणून त्याच्याच हुकमावरून मी कालच सगळ्या जाहिराती पुसल्या होत्या. मशिनमध्ये दोनच उरल्या होत्या, एक टूथपेस्टची आणि एक बनियनची. दोन्ही मिळून पन्नास सेकंद.

अकराला दोन मिनिटं कमी असताना मी केबिनच्या काचेतून खाली पाहिलं. हॉल खचाखच भरला होता. सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्यांच्या फोनवर आकडे. शेवटच्या दहाला सहाशे गळे एकदम मोजायला लागले आणि जमीन हादरायला लागली. तीन, दोन, एक! मी बटण दाबलं आणि पडद्यावर एक बाई दात दाखवत हसली.

मग जो काय आरडाओरडा झाला! पहिल्यांदा लोक हसले. बनियनची जाहिरात दुसऱ्यांदा लागली तेव्हा शिट्ट्या झाल्या. तिसऱ्यांदा सगळा हॉल जाहिरातीबरोबर बोलायला लागला. चौथ्यांदा पुढच्या रांगेतून पाण्याची बाटली पडद्यावर बसली. पाचव्यांदा लोक खुर्च्या आपटायला लागले. डोअरकीपर मामा दारात हात जोडून उभे होते. माझा फोन सारखा थरथरत होता, मॅनेजर, मॅनेजर, मॅनेजर. मी सर्व्हरच्या आकड्यांकडे बघत होते. दहा त्रेपन्न. आकडे जागचे हलत नव्हते. मला वाटलं, मशिनला लाथ घालावी.

"बाबा, आता काय करू?" मी म्हटलं, आणि वळून पाहिलं तर स्टूल रिकामं.

मी काचेला नाक लावलं. बनियनवाल्याच्या उघड्या छातीवर एक पांढरा शर्ट चालत आला. बाबा स्टेजवर चढले होते आणि प्रोजेक्टरच्या झोतात डोळ्यांवर हात धरून उभे होते. मी जाहिरात थांबवली, हॉलचे दिवे लावले आणि काचेची झडप उघडली. मामांनी त्यांच्या हातात माइक दिला. बाबांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला.

"सिनेमा आलाय," बाबा म्हणाले. "मशिनमध्ये आहे. घड्याळ चुकलंय म्हणून उघडत नाही."

"कुणाचं घड्याळ?" कुणीतरी ओरडलं.

"मशिनचं. ते मी मागे केलं."

मी वरून ओरडले, "बाबा, नको!" एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? उजव्या दारात मॅनेजर उभा होता. त्यानं मान वर करून केबिनकडे पाहिलं.

"माझी मुलगी वर आहे," बाबा म्हणाले. "ती शो तुमच्यासाठी थांबवते. तुम्ही येता उशिरा, बोलणी तिला बसतात. म्हणून मी केलं. तिला माहीतसुद्धा नव्हतं. तिचा काही दोष नाही. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

कुणी ओरडलं नाही. सहाशे माणसं फोन वर धरून त्यांचं चित्रण करत होती. मग मधल्या रांगेतून आवाज आला, "काका, किती राहिली?"

बाबांनी वर केबिनकडे पाहिलं. मी झडपेतून हात बाहेर काढून पाच बोटं दाखवली.

"पाच मिनिटं," बाबा म्हणाले.

"लावा रे पाच!" कुणीतरी म्हणालं, आणि फोनवर पुन्हा मोजणी लागली. बाबा स्टेजवरून उतरेनात. त्यांना बहुतेक उतरायचं सुचलंच नाही. मध्ये मध्ये ते माझ्याकडे बघायचे, मी बोटं दाखवायचे, ते माइकमध्ये आकडा सांगायचे, आणि हॉल तो आकडा परत ओरडायचा. शेवटच्या दहाला मघापेक्षा जास्त आवाज झाला. मी दिवे घालवले, सर्व्हरमध्ये अकरा वाजले, चावी लागली. नायकाचा बूट पडद्यावर आला आणि बाबा त्या बुटाखालून वाकून, माइक छातीशी धरून, कडेला पळाले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बुटाला की बाबांना, कळलं नाही.

मॅनेजर वर आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो नुसता दारात टेकला आणि रुमालानं मान पुसत राहिला.

"तुम्ही खोटं बोललात, ताई."

"हो."

"मी झाकलं असतं. तुमचं नाव होतं, तुम्हाला एक मेमो दिला असता, मिटलं असतं. आता काय झाकू? वरच्यांच्या फोनवर आत्ताच तो व्हिडिओ पोचलाय." त्यानं जिन्याच्या दाराची कडी हलवून बघितली, जणू तिच्याशीच बोलत होता. "आजपासून ते वर येणार नाहीत. आजपासून म्हणजे आत्तापासून."

"त्यांनी तुमचा शो वाचवला!"

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि खाली गेला.

मला बाबांचा इतका राग आला की काय सांगू. मी सगळं अंगावर घेतलं होतं, मिटत आलं होतं, आणि यांना तिथं जाऊन खरं बोलायचं सुचलं. सात पावलं, सात पावलं. स्टूल आडवं आलं, ते मी भिंतीशी सारलं, आणि मग ते तिथं बघवेना म्हणून परत जागेवर ठेवलं.

मध्यंतराला दिवे लागले तशी मी जिना उतरले. बाबा शेवटच्या रांगेत अगदी मधल्या खुर्चीवर बसले होते. आजूबाजूच्या पोरांनी सरकून त्यांना जागा केली होती, हातात पॉपकॉर्नचा डबा दिला होता आणि तो त्यांनी तसाच धरला होता. मला बघून ते उठायला लागले.

"मॅनेजर भेटला मला," ते म्हणाले. "बरोबर आहे त्याचं. आता असं कर, तू वर बघ, मी खाली बघतो. वरून सगळं कळत नाही गं. एकेचाळीस वर्षांत मी इथं बसून एक सिनेमा पाहिला नाही, आज कळलं. डाव्या बाजूचा आवाज कमी येतोय. तुझ्या लक्षात आलं का?"

"नाही," मी म्हटलं. राग कुठं गेला कळलंच नाही. "बघते."

मी धावत वर गेले. मध्यंतर संपलं, सिनेमा सुरू झाला, मी मीटर बघितले. डावा आणि उजवा काटा बरोबरीनं नाचत होते, केसाचाही फरक नव्हता. तरी म्हटलं, स्पीकरच बिघडला असेल, मीटरला काय कळतंय. परत खाली आले. अंधारात डाव्या भिंतीला चिकटून उभी राहिले, मग उजव्या भिंतीला, मग मागे मधोमध, बाबांच्या खुर्चीच्या पाठीशी. पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली, आणि तिचा आवाज तितकाच डावीकडून निघाला, तितकाच उजवीकडे पोचला.

मग माझ्या लक्षात आलं. जुनं रिळांचं मशिन डाव्या हाताला होतं. काचेतून बघत उभं राहिलं की त्याचा खडखडाट डाव्या कानाशी यायचा, रोज चार शो, एकेचाळीस वर्षं. घरी आम्ही हाक मारली की ते आधी मान फिरवायचे आणि मग ओ द्यायचे, आणि आम्हाला वाटायचं की बाबा विचारात असतात.

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले.

"वाढवला, बाबा."

"किती?"

"दोन."

त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि डोळे मिटून ऐकायला लागले. पॉपकॉर्नचा डबा मांडीवर, मान थोडी डावीकडे. मला तिथं उभं राहवत नव्हतं आणि तिथून जाववतही नव्हतं.

"आता कसं!" ते म्हणाले. "पुढच्या शोला परत ऐकतो, आणखी थोडा लागेल."

"सांगा," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारचं पोर नाचायला पुढे गेलं होतं, त्याच्या खुर्चीवर सिनेमा संपेपर्यंत बसून राहिले.